प्रतिसादक क्रमांक चार

हे लिहायला मी बसलोय खरा, पण हे माझं काम नव्हे याची मला जाणीव आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील इस्लामपूरला एका शाळेत शिपाई होते. घरात लिहिणं म्हणजे वाण्याची यादी आणि रेशनचा अर्ज, तोही शेजारच्यांकडून तपासून घेतलेला. बिरूअण्णांबरोबर वर्षानुवर्षं राहिलेली माणसं आहेत. खरं तर त्यांनी लिहायला हवं होतं. माझी त्यांची ओळख जेमतेम सात महिन्यांची. शिवाय ज्या दिवशी त्यांच्याबद्दल बोलायची खरी गरज होती, त्या दिवशी मी दोन वाक्यं बोलून गप्प बसलो. तेव्हा ज्याचं तोंड उघडलं नाही त्यानं आता लिहायची हिंमत कशी केली, असं कुणीही खुशाल विचारावं. मान खाली घालूनच लिहितो आहे, एवढं धरून चालावं.

माझ्या प्रबंधात अण्णा एकाच ठिकाणी येतात. 'प्रतिसादक क्रमांक चार : पुरुष, वय सत्तेचाळीस, मेंढपाळ.' नाव लिहायचं नाही असा नियम होता. मी तो पाळला. नियम पाळण्यात मी पहिल्यापासून चांगला आहे.

मी नेदरलंड्समध्ये टिलबर्गला वारसा-पर्यटन शिकत होतो. प्रबंधासाठी देशाच्या उत्तरेला, ड्रेंथमधल्या एका राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरलं. दोन आगगाड्या बदलायच्या, मग बस, आणि जिथं बस संपते तिथून सात किलोमीटर सायकल. या देशात इतकं रिकामं काही असेल असं मला वाटलं नव्हतं. गुडघ्याएवढ्या झुडपांचं माळरान, इथले लोक त्याला 'हायडे' म्हणतात, मधेच वाळूच्या टेकड्या, एखादं जुनिपरचं काळपट झाड, आणि वर नुसतं आभाळ. शेकडो वर्षं मेंढरांनी चरून चरून हे रान असं ठेवलं आहे. मेंढरं थांबली तर वीस वर्षांत जंगल होईल. म्हणून उद्यानानं एक कळप सांभाळला आहे, आणि कळपाबरोबर एक मेंढपाळ. माहितीफलकावर पाइप ओढणाऱ्या, लाकडी बूट घातलेल्या डच म्हाताऱ्याचं चित्र होतं. मी त्या म्हाताऱ्याला शोधत होतो.

त्याऐवजी मला दिसला नारिंगी रेनकोटवर काळी घोंगडी पांघरलेला, काळासावळा, रुंद हाडाचा माणूस. तो एका गोऱ्या गृहस्थाची कॉलर धरून त्याला पाणथळीकडे ओढत नेत होता. त्या गृहस्थाचा हस्की जातीचा कुत्रा मोकळा सुटून कळपात शिरला होता. एका मेंढीचा कान फाटून लोंबत होता. कुत्रा काठी खाऊन दूर केकाटत होता. मालक म्हणत होता, "तो फक्त खेळत होता."

"मी पण," तो माणूस इंग्रजीत म्हणाला आणि त्याला कमरेएवढ्या काळ्या पाण्यात ढकलून दिलं.

मग वळून, हात रेनकोटला पुसत, त्यानं मला अगदी ऑफिसातल्या इंग्रजीत विचारलं, "गुड मॉर्निंग. तुमची काय मदत करू?"

मी घाबरून मराठीत बोललो. आजही कळत नाही का. म्हणालो, "नाही, काही नाही."

त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "कुठला रं तू?"

"इस्लामपूर."

"मग हितं काय झक मारायला आलायस?"

अशी आमची ओळख झाली.

अण्णा आटपाडीकडचे, धनगराच्या घरातले. शिकले, इंजिनिअर झाले, पुण्याहून द हेगला कंपनीच्या कामावर आले. अकरा वर्षं तिथं कॉम्प्युटरवर काढली. घर जवळच्या फोरबर्गला, वहिनी आणि मुलगी ईशा तिथंच राहायच्या. सहा वर्षांपूर्वी त्यांनी नोकरी सोडली आणि इथं मेंढक्याच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागले. तो डच मेंढका निवृत्त झाला तसा कळप यांच्याकडे आला. नोकरी का सोडली, हे मी प्रश्नावलीतला प्रश्न म्हणून विचारलं. ते म्हणाले, "लिही, खुर्ची टोचत होती." मी खरंच तेवढंच लिहिलं. तेव्हापासून त्यांनी मला कारकून म्हणायला सुरुवात केली. "ए कारकून, हे लिहिलंस का? म्हातारीनं शिंग मारलं, वेळ टाक." माझं खरं नाव त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही.

त्यांच्या तीन भाषा होत्या. माणसांशी बोलताना पुण्याची स्वच्छ मराठी किंवा इंग्रजी, मेंढरांशी आणि माझ्याशी माणदेशी, आणि शिव्या डचमध्ये. "ह्यांच्या शिव्या रोगराईवरनं असत्यात," ते कौतुकानं म्हणायचे. "कॉलरा, प्लेग, कॅन्सर. दमदार."

ते मेंढरं मोजत नसत. उद्यानानं कानातला बिल्ला वाचणारं यंत्र दिलं होतं, ते मेंढवाड्यात खिळ्याला लटकत असे. अण्णा संध्याकाळी दारात उभे राहून एकेकीचं तोंड बघत. "म्हातारी आली. आत्याबाई आली. शेंबडी आली. मॅनेजर आला." मॅनेजर हा एडका होता आणि त्याचं नाव त्यांच्या जुन्या साहेबावरून ठेवलेलं होतं. या मॅनेजरनं एकदा माझ्यादेखत अण्णांना मागून उडवलं. ते तोंडावर पडले, ओठ फुटला. उठले, तोंडातलं रक्त थुंकले, आणि त्याची दोन्ही शिंगं धरून त्याला मातीत असा दाबला की त्याचे डोळे पांढरे झाले. मला वाटलं, मारतात आता. मग सोडून दिला, आणि खिशातला भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. सुपरमार्केटमधल्या 'राय' या धान्याच्या पिठाची ती भाकरी दगडासारखी असे. पीनट बटरच्या बरणीत लसणाची चटणी. मीही तेच खात असे, आणि दोघांपैकी कुणीही ती चांगली लागते असं खोटं बोलत नसे.

पर्यटक येत. त्यांच्यापैकी एकानं तरी विचारायचंच, "खरा मेंढपाळ कुठं आहे?" अण्णा गंभीरपणे सांगत, "तो जेवायला गेलाय. मी लांडगा आहे." लोक हसत. गेल्या काही वर्षांत जर्मनीकडून लांडगे परत या देशात आले आहेत, तेव्हा ते हसू जरा लवकरच मावळायचं.

लांडग्याचा विषय मी मुद्दाम काढला होता, प्रबंधाला उपयोगी पडेल म्हणून. अण्णा काठी तासत बसले होते. हातातलं सालपट पूर्ण सोलून टाकलं. मग म्हणाले, "मी नऊ वर्षांचा होतो. बापानं मला वाघरीपाशी राखणीला बसवलं." वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. "मला डोळा लागला. उठलो तवा चार बकरी फाडलेली होती. एकीचं पोट उघडं आणि ती उभी. चरत होती रं. स्वतःची आतडी पायात आणि ती चरत होती."

"मग?"

"मग बापानं आधी तिचा गळा सोडवला. म्हणजे कापला. मग काठी घेतली आणि ती मोडंस्तवर मला मारलं. हे कोपर बघ, अजून सरळ होत न्हाई." त्यांनी हात लांब करून दाखवला. मधेच अडकत होता.

"लांडग्यावर राग नाही आला त्यांना?"

"लांडग्यावर कसला राग? त्यो त्याच्या पोटासाठी आला. राग झोपणाऱ्यावर."

त्या दिवसापासून माझ्या लक्षात आलं की अण्णा आडवे होऊन झोपत नाहीत. वाड्याच्या भिंतीला पाठ लावून, काठी मांडीवर घेऊन, बसल्या बसल्या डुलकी घेतात. शेजारी खंडू. खंडू हा त्यांचा राखणीचा कुत्रा. पांढरा, वासराएवढा, जर्मनीतून पिल्लू म्हणून आणलेला. तो माणसांकडे ढुंकून बघत नसे. सात महिन्यांत त्यानं एकदाच माझा हात चाटला, आणि तोही चटणीसाठी.

मार्चमध्ये वेतं सुरू झाली तेव्हा मी आठवडाभर गावातल्या एका वसतिगृहात राहायला गेलो. मेंढ्यांचं विणं मी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात इतकं रक्त नव्हतं. एका मेंढीचं कोकरू मेलेलं निघालं, आणि दुसरीकडे एका कोकराची आई मेली. अण्णांनी मेलेलं कोकरू उलटं टांगलं, चाकूनं चारी पायांभोवती चीर घेतली, आणि अंगातून सदरा काढावा तसं कातडं ओढून काढलं. ते ओलं कातडं त्यांनी जिवंत कोकराच्या अंगावर चढवलं. पाय भोकांतून बाहेर काढले. मी तोंड फिरवून भिंतीपाशी ओकलो.

"इकडं बघ, कारकून," अण्णा ओरडले. "आईला फसवायचंय. तू असा तोंड फिरवलास तर तिलाबी कळंल."

मेंढीनं कोकरू हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग पाय फाकवून उभी राहिली. कोकरू दोन आयुष्यांची भूक असल्यासारखं पिऊ लागलं. अण्णांच्या कोपरापर्यंत रक्त होतं आणि ते नुसते हसत होते, लहान मुलासारखे. त्यांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतरही नाही.

आता ती एप्रिलमधली सकाळ सांगायला हवी. मी ती टाळत इथवर आलो.

कळप तेव्हा दूरच्या कडेला, विजेच्या जाळीत बाहेर बसवलेला होता. त्या रात्री अण्णा तिथंच होते. मी सकाळी सहाला पोचायचं कबूल केलं होतं. प्रबंधासाठी मला पहाटेचं काम बघायचं होतं. आदल्या रात्री गावात राहून पहाटे निघालो आणि सायकल पंक्चर झाली. मी फोन केला. खरं तर ढकलत चालत गेलो असतो तरी चाललं असतं. पण मी फोन केला. अण्णा म्हणाले, "थांब तिथंच, गाडी घेऊन आलो. खंडू हाय इथं." त्यांना जाऊन यायला चाळीस मिनिटं लागली.

धुकं होतं. गाडीतून उतरलो तेव्हा आधी आवाज आला, ओल्या कापडावर कुणी धापा टाकाव्यात तसा. मग दिसलं. जाळी आतूनच चेंगरून पडली होती, मेंढरं घाबरून तिच्यावरून सैरावैरा धावली होती. गवतावर लोकरीचे पुंजके. शेंबडी पडली होती, तिची कास फाडून नेलेली. आत्याबाई बसली होती आणि तिच्या मागच्या मांड्या नव्हत्या; हाड दिसत होतं, ती मान हलवत आपल्या कोकराला शोधत होती. एकीच्या गळ्यातून प्रत्येक श्वासाला फुगा येत होता. काही तर मेलेली होती, ती सुटली म्हणायची. अर्धवट मेलेली अशी अकरा होती. मी मोजली. अण्णांनी मोजली नाहीत, नावं घेतली.

खंडू जाळीच्या बाहेर वीसेक पावलांवर होता. मान एका बाजूनं उघडी. दातांत राखाडी केसांचा गुच्छ घट्ट धरलेला. अजून ऊब होती.

अण्णा त्याच्यापाशी क्षणभरच बसले. मग उठले आणि चाकू काढला.

मला नियम माहीत होता. त्यांनाही होता, त्याच्यावर त्यांची सही होती. लांडग्याचा हल्ला झाला तर कशालाही हात लावायचा नाही. तपासनीस येणार, गळ्यावरच्या दातांच्या खुणा बघणार, जखमेतली लाळ पुसून प्रयोगशाळेत पाठवणार. जखमी जनावर मारायचं असेल तर तो अधिकार पशुवैद्याचा.

मी म्हणालो, "अण्णा, डॉक्टरांना फोन केलाय. तासाभरात येतील म्हणाले."

"तासभर?" त्यांनी आत्याबाईकडे बोट दाखवलं. "तिला सांग. जा, सांग तिला तासभर."

मी जागचा हललो नाही.

"वाचलाय म्या तो कागुद. पाय धर."

मी पाय धरले. त्यांनी खिशातून गोळ्यांची डबी काढली, तिच्यात भंडारा असे, चिमूटभर आत्याबाईच्या कपाळाला लावला. "जा बाई," म्हणाले, आणि एका ओढीत गळा चिरला. तिच्या पायांतला जोर माझ्या मनगटांतून खांद्यापर्यंत आला आणि विरून गेला. मग दुसरी. मग तिसरी. अकरा वेळा भंडारा, अकरा वेळा "जा बाई." पाचवीनंतर मी रडत होतो, पण पाय सोडले नाहीत. माझे बूट आतून ओले झाले होते. शेवटच्या मेंढीला चाकू लावताना अण्णांचा हात घसरला आणि त्यांचा अंगठा कापला गेला. त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही.

मग त्यांनी खंडूला आपल्या घोंगडीत गुंडाळलं, एकट्यानं उचललं, आणि वाळूच्या टेकडीमागे एका जुनिपरच्या बुडाशी खोल खड्डा घेऊन पुरलं. मला फक्त फावडं धरू दिलं. माती लोटून झाल्यावर म्हणाले, "ह्याला सुरी लागत न्हाई. ह्यो आपला आपण गेला."

डॉक्टर आले तेव्हा त्यांच्यासाठी एकही जखमी उरली नव्हती. दहाच्या सुमारास पाऊस सुरू झाला. तपासनीस दुपारी आला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते तसंच घडलं, थोडक्यात. लांडगा गळा धरतो. अण्णांनीही गळाच कापला होता. जिथं दातांच्या खुणा असायच्या नेमक्या तिथं चाकूची स्वच्छ रेघ होती. बाकीच्या जखमा आणि आधीच मेलेली मेंढरं पावसानं चार तास धुतली होती. त्यांच्यातून प्रयोगशाळेला काहीच धड मिळालं नाही. तपासनीसानं विचारलं, "तुमचा कुत्रा कुठं आहे?"

"मेला," अण्णा म्हणाले.

"कुठं आहे?"

"ते तुमचं काम नाही."

तीन आठवड्यांनी खेमेंटेच्या कचेरीत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, बैठक झाली. टेबलाच्या एका बाजूला तपासनीस, उद्यानाच्या प्रमुख मारायकेबाई आणि आणखी दोघं. दुसऱ्या बाजूला अण्णा, इस्त्रीच्या शर्टात, अंगठ्याला पट्टी. ठरायचं एवढंच होतं : हे लांडग्याचं काम, की अण्णांच्या स्वतःच्या कुत्र्याचं, जो बिथरला आणि ज्याला मालकानं मारून लपवला. पहिलं असेल तर कळप अण्णांकडे राहणार होता. दुसरं असेल तर नाही.

मी साक्षीदार म्हणून बसलो होतो. मला दोन प्रश्न विचारले.

"तुम्ही लांडगा पाहिला का?"

"नाही."

"मेंढ्यांचे गळे कुणी कापले?"

"यांनी."

दोन्ही खरं होतं. सायकलबद्दल कुणी विचारलं नाही. खंडूच्या दातांतल्या केसांबद्दल कुणी विचारलं नाही. न विचारलेल्याचं उत्तर द्यायचं नाही हे मी शाळेत शिकलो होतो, साहेबासमोर तर नाहीच. माझे वडील साहेबासमोर नेहमी असेच उभे राहात, दोन्ही हात पुढे बांधून. मी खाली पाहिलं तर माझेही हात तसेच बांधलेले होते.

बाहेर व्हरांड्यात मी अण्णांना गाठलं. "अण्णा, खंडूची जागा सांगू का त्यांना? त्याच्या अंगावर पुरावा आहे. घोंगडीत कोरडा राहिला असेल."

त्यांनी माझा गळा धरला. मस्करीत नाही. माझं डोकं भिंतीवर आपटलं आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. "त्याला उकरलंस तर तिथंच तुला पुरीन," ते अगदी हळू म्हणाले. मग हात सोडला, माझी कॉलर नीट केली, आणि गेले.

त्याच आठवड्यात कळप दुसऱ्या माणसाच्या हाती गेला. गावात मी सायकल दुरुस्त करायला टाकली होती, ती आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, "तो खुनी कुत्रा तुमच्याच माणसाचा ना?" त्याला वाईट म्हणायचं नव्हतं. तो पंपानं हवा भरत सहज बोलला. मला खंडूचा तो एकदाच हाताला लागलेला खरखरीत जिभेचा स्पर्श आठवला. तेवढ्यावर मी घरी आलो आणि मारायकेबाईंना ईमेल लिहिली. सायकलीपासून सुरुवात केली. जुनिपरचं झाड, टेकडी, घोंगडी, केस, सगळं लिहिलं. पाठवायचं बटण दाबलं आणि मग बराच वेळ माझा हात स्वतःच्या गळ्यावर होता.

उकरताना मला जागा दाखवायला बोलावलं. मी दाखवली. दोघं फावड्यानं वाळू काढत होते, तपासनीस हातमोजे घालून उभा होता. मी वर पाहिलं तर टेकडीच्या माथ्यावर अण्णा होते. कुणी सांगितलं कोण जाणे. काठीवर दोन्ही हात, पाठ आमच्याकडे. सगळं होईस्तोवर ते तसेच उभे होते. घोंगडी उघडली. वास आला. तपासनीस खाली वाकला, बराच वेळ वाकलेला राहिला, आणि मग त्याची पाठ सरळ झाली तेव्हा त्यानं माझ्याकडे न बघता नुसती होकाराची मान हलवली.

त्यांची गाडी गेल्यावर अण्णा खाली आले. खंडूला पुन्हा खड्ड्यात ठेवलं. हातांनीच वाळू लोटली, फावडं घेतलं नाही. डबीतला उरलेला सगळा भंडारा वर उपडा केला. मी चार पावलांवर उभा होतो, मारतील म्हणून तयार. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. घोंगडी मात्र पुरली नाही. ती उचलली, दोनदा झटकली, वाळू आणि वाळलेलं रक्त वाऱ्यावर उडालं, आणि ती तशीच खांद्यावर टाकून ते त्या तपकिरी माळातून चालत गेले. कळप नव्हता तरी मधेच थांबून काठीनं बाजूला कुणाला तरी वळवल्यासारखं करत होते. मी त्यांना पाहिलं ते एवढंच.

प्रयोगशाळेचा निकाल आला : लांडगा. मारायकेबाईंनी अण्णांना पत्र लिहिलं, माफी मागितली, कळप परत देऊ केला. अण्णांनी उत्तर दिलं नाही. मी फोन केले, ते उचलले गेले नाहीत. एकदा वहिनींनी उचलला. म्हणाल्या, "ते घरी नसतात रे. तुझ्यावर राग नाहीये असं मी म्हणेन, पण मला तरी काय माहीत?" पुढे मी पास झालो, द हेगला नोकरी लागली, आणि प्रबंधातल्या क्रमांक चारच्या ओळीकडे बघायचं मी बंद केलं.

दीड वर्ष गेलं. गेल्या महिन्यात लायडस्खेनडामकडे जाणाऱ्या ट्राममध्ये कुणीतरी माझ्या बाहीला हात लावला. ईशा होती, अण्णांची मुलगी; एकदा कळप बघायला आली होती तेव्हा भेटलेली. आता कॉलेजात जाते. तिला मराठी समजतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते, मधेच डच. मी वडिलांबद्दल विचारायला धजत नव्हतो. तीच म्हणाली, बाबाला पुन्हा मेंढ्या मिळाल्यात, दक्षिणेत, बेल्जियमच्या हद्दीजवळच्या एका माळावर. चाळीसच आहेत. आठवड्यातून एकदा घरी येतो आणि बसूनच झोपतो.

"आणि एक पपी पण आहे," ती म्हणाली, आणि खांद्यावरची बॅग सारखी केली. मग म्हणाली, "प्लीज डोन्ट बी ऑफेंडेड."

"का?"

"बाबानं त्याचं नाव कारकून ठेवलंय."

ट्राम वळणावर करकरली. मी वरची कडी धरली.

"मी भांडले त्याच्याशी," ईशा घाईघाईनं सांगू लागली. "म्हटलं, इट्स सो मीन, असं कुणाचं नाव कुत्र्याला देतात का? तर तो काय म्हणाला माहितीये?" तिनं आठवायला डोळे मिटले, आणि त्या डच जिभेवर, एकेक शब्द जपून ठेवत, बापाच्या आवाजात म्हणाली :

"उशिरा भुंकतंय. पण भुंकतंय."